बचावपटू मुलाची वाट: ओएचएल की अमेरिकन कॉलेज?

कॅनडात, मिसिसागातल्या एका आइस हॉकी रिंकबाहेर, सकाळी सव्वासहा वाजता, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता एका बापाने मला विचारलं, "मेजर ज्युनियर की कॉलेज? एका वाक्यात सांगा." मुलगा पंधरा वर्षांचा, डिफेन्स खेळणारा, उजव्या हाताने शॉट मारणारा. एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. माझी पात्रता एवढीच की दहा-अकरा हिवाळे मी घरच्या एका बचावपटूला मागच्या सीटवर डब्यातले पोहे खायला घालत ओंटारियोभर फिरवलंय, आणि दोन्हीकडच्या माणसांची गोड बोलणी ऐकली आहेत.

2024 च्या नोव्हेंबरपर्यंत हा प्रश्न लग्नासारखा होता. एकदा हो म्हटलं की झालं. कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल, ही ओंटारियोची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्वेबेक-मॅरिटाइम्सची क्यूएमजेएचएल या तीन लीगची छत्री. यालाच मेजर ज्युनियर म्हणतात. 16 ते 20 वयाची मुलं तिथे खेळतात. त्यांना थोडा भत्ता मिळतो, आणि काहींनी एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या संघांशी करार केलेला असतो. एवढ्यावरून अमेरिकन कॉलेजांची संघटना एनसीएए त्यांना व्यावसायिक धरायची. सोळाव्या वर्षी ती जर्सी चढवली की कॉलेज हॉकीचं दार कायमचं बंद. म्हणून बऱ्याच घरांत त्या वयातल्या पोराला घेऊन रात्र-रात्र चर्चा चालायची.

7 नोव्हेंबर 2024 ला एनसीएएच्या पहिल्या विभागाच्या परिषदेने हा नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलची मुलं कॉलेजात खेळायला पात्र झाली. त्याच उन्हाळ्यात डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघाचा आघाडीपटू गॅव्हिन मकेना पेन स्टेट विद्यापीठात गेला आणि त्याची सगळीकडे बातमी झाली. आपल्या कामाची बातमी मात्र दुसरीच. व्हिक्टोरिया रॉयल्सचा उंचापुरा बचावपटू कीटन व्हरहॉफ सतराव्या वर्षी डब्ल्यूएचएल सोडून नॉर्थ डकोटा विद्यापीठात दाखल झाला. दार आता दोन्ही बाजूंनी उघडतं. एकच कडी शिल्लक आहे: एनएचएलच्या करारावर सही केली की कॉलेज संपलं.

मग आता काळजी कसली, आधी ओएचएल खेळू, नंतर कॉलेज बघू, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आघाडीपटूच्या बाबतीत मी कदाचित वाद घातला नसता. बचावपटूचं गणित वेगळं आहे.

अढीतला आंबा

पुण्यातल्या नातेवाइकांना मी हे कबड्डीतून समजावतो. चढाई करणारा हात लावून पळून येतो, टाळ्या घेतो. कोपरारक्षकाने अर्धा सेकंद आधी पाय टाकला तर अख्खी साखळी फुटते. बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून पाच जण असतात, तीन पुढे आणि दोन मागे. हे मागचे दोघे जोडीने खेळतात. आघाडीपटूने पक (खेळायची चकती) गमावला तर मागे सावरायला माणसं आहेत. बचावपटूने गमावला तर मागे फक्त गोलरक्षक, आणि स्कोअरबोर्डवरचा आकडा सगळ्या घराला दिसतो.

त्यात उलटं स्केटिंग, कोपऱ्यात आपल्याहून जड माणसाला अंगावर घेणं, अंगावर येणाऱ्या शॉटपुढे आडवं होणं, आणि पाठीमागून कोण येतंय हे न बघता ओळखून पहिला पास देणं. या गोष्टी शिकवता येतात, पण घाईत येत नाहीत. म्हणून बचावपटू अढीत घातलेल्या आंब्यासारखा असतो. हॉकीतली जुनी माणसं सांगतात की बचावपटूबद्दल मत बनवायला आघाडीपटूपेक्षा दोन-तीन वर्षं जास्त द्या.

आणि जागा कमी. एनएचएलच्या सामन्यात संघ 20 जणांना उतरवतो: 12 आघाडीपटू, 6 बचावपटू, 2 गोलरक्षक. बत्तीस संघ धरले तरी एका रात्री जगभरात 192 बचावपटूंनाच ते काम आहे. पहिल्या जोडीतला माणूस तेवीस-चोवीस मिनिटं खेळतो, तिसऱ्या जोडीतला पंधरा-सोळा. सातवा सूट घालून वर बसतो.

तेव्हा दोन्ही वाटा तोलताना मी एकच काटा वापरतो: पिकायला किती वर्षं मिळतात, आणि त्या वर्षांत बर्फावर किती मिनिटं मिळतात. संघाचं नाव, रिंकची भव्यता, जर्सीचा रंग, हे सगळं नंतर.

कोरडी माहिती एकदाच

| | मेजर ज्युनियर (ओएचएल) | कॉलेज (एनसीएए पहिला विभाग) |
|---|---|---|
| वय | 16 ते 20 | साधारण 18 ते 24 |
| साखळी सामने | 68 | 34 ते 40 च्या आसपास, बहुतेक शुक्रवार-शनिवार |
| चेहऱ्यावर | अर्धी काच | पूर्ण जाळी किंवा पूर्ण काच |
| राहणं | गावातल्या यजमान (बिलेट) कुटुंबाकडे | कॅम्पसवर |
| शिक्षण | खेळून झाल्यावर, हंगामागणिक शिष्यवृत्ती | खेळ आणि पदवी एकत्र |

कोष्टकात न मावणारी गोष्ट समोरच्या खेळाडूची. ओएचएलमध्ये तुमच्या सोळा वर्षांच्या मुलासमोर जास्तीत जास्त वीस वर्षांचा पोरगा येतो, आणि वीस वर्षांचे प्रत्येक संघात तिघेच ठेवता येतात. कॉलेजात अठरा वर्षांच्या नवख्यासमोर तेवीस वर्षांचा, दाढीवाला, चार वर्षं वजनं उचललेला बाप्या उभा राहतो. बारीक अंगकाठीच्या मुलाला हा फरक पहिल्या महिन्यातच कळतो.

68 विरुद्ध 38

ओएचएलचं वेळापत्रक एनएचएलची रंगीत तालीम आहे. गुरुवारी रात्री सामना, बसने चार तास, शुक्रवारी सामना, रविवारी दुपारी परत सामना. सू सेंट मरीला किंवा सडबरीला गेलात तर बसमध्येच गृहपाठ. ज्याला 22 मिनिटं खेळायला मिळतात तो या रेट्यात झपाट्याने मोठा होतो. चूक केली तर ती दुरुस्त करायला दोन दिवसांत दुसरा सामना असतो. पॉवर प्ले (समोरचा एखादा खेळाडू शिक्षेवर असतानाचा खेळ), शेवटच्या मिनिटाचा बचाव, सलग तिसऱ्या रात्री जड झालेले पाय, हे सगळं अठराव्या वर्षाआधी अंगवळणी पडतं.

ड्रू डाउटी हा या वाटेचा सगळ्यात लखलखीत नमुना. लंडन, ओंटारियोचा मुलगा, तीन हंगाम ग्वेल्फ स्टॉर्मकडून खेळला, 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ तरुण खेळाडूंचे हक्क पाळीपाळीने घेतात त्या निवडीत, दुसरा उचलला गेला आणि अठराव्या वर्षी थेट लॉस एंजेलिस किंग्जच्या संघात. एकविसाव्या शतकात बचावपटूने एवढ्या लवकर एवढं काही करावं हे विरळच: 2010 आणि 2014 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं, 2012 आणि 2014 चे स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची अजिंक्यपदं, आणि 2016 ची नॉरिस ट्रॉफी, जी वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळते. अगदी ताजं नाव मॅथ्यू शेफरचं. इरी ऑटर्सचा हा बचावपटू 2024-25 मध्ये कॉलरबोन मोडल्यामुळे ओएचएलचे फक्त 17 सामने खेळला, तरी 2025 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला पहिला निवडला आणि लगेच पुढच्या हंगामात एनएचएलमध्ये उतरवला.

अशी मुलं कुठेही ठेवली तरी पिकतात, हे खरं. पण 68 सामन्यांची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. तिसऱ्या जोडीत आठ-नऊ मिनिटं खेळणाऱ्याला 68 सामने म्हणजे 68 बस-प्रवास. सरावाला दिवस उरत नाहीत, जिमला उरत नाहीत, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी जे वजन अंगावर चढायला हवं ते प्रवासात गळून जातं.

कॉलेजात आठवडा वेगळा असतो. सोमवार ते गुरुवार सराव आणि व्यायाम, शुक्रवार-शनिवार सामने. चार दिवस एकच गोष्ट घोटायला मिळते: मागे वळताना टाच कुठे, भिंतीपाशी पक उचलताना खांदा कुठे. बचावपटूला ही घोटाई मानवते.

इथे केल मकारचं उदाहरण देणं क्रमप्राप्त आहे. कॅलगरीचा हा मुलगा डब्ल्यूएचएलच्या वाटेला गेला नाही. अल्बर्टाच्या ज्युनियर ए, म्हणजे मेजर ज्युनियरच्या खालच्या लीगमध्ये, ब्रुक्स नावाच्या छोट्या गावात दोन हंगाम खेळला, 2017 च्या ड्राफ्टमध्ये कोलोराडोने त्याला चौथा उचलला, आणि तरी तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी 34 सामन्यांत 21 गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून). तिथेच उडी मारता आली असती, पण तो दुसऱ्या वर्षासाठी परतला आणि 41 सामन्यांत 49 गुण केले. कॉलेजचा सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार घेतला, 2019 च्या अंतिम सामन्यात मिनेसोटा-ड्युलुथकडून हरला, आणि दोन-तीन दिवसांत कोलोराडोकडून प्लेऑफमध्ये उतरून पहिल्याच सामन्यात गोल केला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 2022 चा कप आणि त्यातला प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ पुरस्कार, 2022 आणि 2025 ची नॉरिस.

नॉरिस ट्रॉफीची अलीकडची यादी वाटांच्या चष्म्यातून वाचली की गंमत वाटते. 2019 मार्क जोर्डानो, ओएचएल. 2020 रोमन योसी, स्वित्झर्लंड. 2021 ॲडम फॉक्स, हार्वर्ड. 2022 मकार, मॅसॅच्युसेट्स. 2023 एरिक कार्लसन, स्वीडन. 2024 क्विन ह्यूज, मिशिगन. 2025 पुन्हा मकार. म्हणजे जोर्डानोनंतरच्या सहा वर्षांत मेजर ज्युनियरमधून आलेला एकही नाही, चार वेळा कॉलेजवाले. यावरून लगेच कॉलेज श्रेष्ठ असं म्हणू नका. मूठभर नावांवरून नियम बनत नाही, आणि फॉक्स, ह्यूज हे अमेरिकन मुलगे तसेही कॉलेजकडेच गेले असते. पण "एनएचएलला जायचं तर ओएचएलच" हे जे वाक्य रिंकवर छातीठोकपणे ऐकवलं जातं, ते या यादीसमोर टिकत नाही.

मधली माणसं

तारे बाजूला ठेवू. तुमचा मुलगा बहुधा डाउटी नाही, मकारही नाही, आणि यात त्याचा काही अपमान नाही. खरी तुलना मधल्या माणसांची करायला हवी.

मार्क जोर्डानो टोरांटोचा. ओवेन साउंडकडून ओएचएलचे दोन हंगाम खेळला आणि ड्राफ्टमध्ये कुणीच उचलला नाही. कॅलगरीने 2004 मध्ये करार दिला, तो आधी खालच्या एएचएलमध्ये घासला गेला, 2007-08 चा हंगाम मॉस्कोत डायनॅमोकडून खेळला, परत आला, 2013 मध्ये कॅलगरीचा कर्णधार झाला आणि पस्तिसाव्या वर्षी नॉरिस जिंकला. आता त्याच्यासमोर टोरी क्रूग ठेवा. उंची पाच फूट नऊ इंच, तोही ड्राफ्टमध्ये नाकारलेला. मिशिगन स्टेटमध्ये तीन वर्षं खेळला आणि 2012 च्या मार्चमध्ये बॉस्टन ब्रुइन्सनी त्याला थेट करार दिला. एक विसाव्या वर्षी ज्युनियर संपवून अनिश्चिततेत उतरला, दुसरा तेवढ्याच वयात कॉलेजच्या आसऱ्याने वाढत होता आणि अर्ध्याहून जास्त पदवी हातात होती. दोघेही पोचले. पण उशिरा पिकणाऱ्या, लहान चणीच्या मुलाचा बाप म्हणून विचाराल तर क्रूगच्या बापाच्या जागी मला रात्री झोप लागली असती.

उलट बाजूचंही एक नाव घ्यायला हवं. ओएचएल काही असामान्य मुलांना पंधराव्या वर्षीच प्रवेश देते. 2011 मध्ये ॲरन एकब्लाड हा तसा प्रवेश मिळालेला पहिला बचावपटू, बॅरी कोल्ट्समध्ये गेला, 2014 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, आणि फ्लोरिडाबरोबर 2024 आणि 2025 चे कप जिंकला. 2013 मध्ये तोच असामान्य दर्जा शॉन डे नावाच्या बचावपटूला मिळाला आणि तो मिसिसागाकडून खेळू लागला. तीन वर्षांनी तो तिसऱ्या फेरीत निवडला गेला, आणि पुढची कारकीर्द बहुतेक खालच्या लीगमध्ये गेली, एनएचएलच्या वाट्याला मोजक्या रात्री आल्या. त्याने काही चूक केली असं मला वाटत नाही. पंधराव्या वर्षी बचावपटूवर लावलेलं लेबल किती कच्चं असतं, एवढंच त्यातून दिसतं.

आणि डंकन कीथ. याने दोन्ही घरचं जेवण जेवलं. मिशिगन स्टेटमध्ये दीड हंगाम काढला, मन रमेना, मध्येच सोडून केलोना रॉकेट्सकडे, म्हणजे डब्ल्यूएचएलमध्ये गेला. त्या काळी कॉलेजातून ज्युनियरला जाता यायचं, उलटं येता यायचं नाही. त्यानंतरही शिकागोने त्याला दोन वर्षं एएचएलमध्ये नॉरफोकला ठेवलं. 2005 ला एनएचएलमध्ये आला. मग तीन कप, 2010 आणि 2014 ची नॉरिस, 2015 चा कॉन स्मिथ, 2025 मध्ये हॉल ऑफ फेम. पालक कीथची गोष्ट ऐकून "म्हणजे ज्युनियरच बरं" म्हणतात. मला त्यात दिसतात ती नॉरफोकची दोन वर्षं. एवढा मोठा खेळाडूही बावीस वर्षांचा होईपर्यंत तयार नव्हता.

पैसा, शिक्षण आणि कागदपत्रं

एनएचएलचा किमान पगार 2025-26 साठी 7,75,000 अमेरिकन डॉलर आहे. हा आकडा ऐकून डोळे दिपतात, पण त्याआधीची वर्षं बघा. पहिला करार बहुतेक टू-वे असतो, म्हणजे वर खेळलात तर एक पगार, एएचएलला पाठवलं तर त्याच्या काही हिश्शाएवढा. सही अठरा ते एकवीस वयात केली तर हा पहिला करार तीन वर्षांचा, बावीस-तेवीसला दोन वर्षांचा, चोवीसला एक वर्षाचा. कॉलेज पूर्ण करून निघालेला मुलगा त्यामुळे पुढच्या, मोठ्या कराराच्या वाटाघाटीला लवकर पोचतो. मात्र सुरुवातही उशिरा करतो.

कॉलेजवाल्यांच्या हातात आणखी एक हुकमाचं पान होतं. ज्युनियरमधला ड्राफ्ट झालेला मुलगा दोन वर्षांत करार न झाल्यास पुन्हा ड्राफ्टमध्ये जायचा, कॉलेजचा मुलगा चार वर्षं थांबून स्वतःचा संघ निवडू शकायचा. ॲडम फॉक्सला कॅलगरीने 2016 मध्ये निवडलं, हक्क कॅरोलायनाकडे गेले, आणि तो तिथे सही करणार नाही हे दिसल्यावर 2019 मध्ये ते त्याच्या घरच्या न्यूयॉर्क रेंजर्सना दिले गेले. दोन वर्षांनी नॉरिस. हे नियम एनएचएलच्या नव्या कामगार-करारात बदलत आहेत, त्यामुळे फॉक्सची युक्ती तुमच्या मुलाला जशीच्या तशी मिळेल असं धरून चालू नका. दुसरा एक जुना जाच म्हणजे वीस वर्षांखालच्या, ड्राफ्ट झालेल्या सीएचएल खेळाडूला एएचएलमध्ये खेळता येत नव्हतं. एनएचएल नाहीतर परत ज्युनियर. एकोणिसाव्या वर्षी ज्युनियरला खूप मोठा आणि एनएचएलला लहान झालेला बचावपटू मध्येच लटकायचा. तोही नियम सैल होण्याच्या मार्गावर आहे.

शिक्षणाचं काय? ओएचएल-डब्ल्यूएचएलची शिष्यवृत्ती खरी आहे, आणि तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. डब्ल्यूएचएलचा हिशेब सरळ: एक हंगाम खेळा, एका वर्षाची शिकवणी-फी, पुस्तकं आणि सक्तीची शुल्कं घ्या. ओएचएलमध्ये पॅकेज तुमच्या सहीच्या वेळच्या वाटाघाटींवर ठरतं. पैसे कोणत्या विद्यापीठाच्या दराने मिळतील, किती महिन्यांत शिक्षण सुरू करावं लागेल, आणि व्यावसायिक करार केला तर काय उरेल, हे तीन मुद्दे कागदावर घ्या. अशी शिष्यवृत्ती घेऊन कॅनडाच्या विद्यापीठांत खेळणारे खूप आहेत. न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचा संघ 2023-24 मध्ये 43 पैकी 43 सामने जिंकला. तो संघ अशाच माजी ज्युनियर खेळाडूंनी भरलेला होता.

पण घरी बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला पुन्हा वर्गात बसवणं, आणि वर्गातच असलेल्याला तिथे टिकवणं, यात किती फरक आहे हे मराठी आईबापांना मी सांगायला नको.

कॉलेजकडे कल असेल तर नववीपासून जागे राहा. एनसीएएला 16 ठरावीक विषय आणि त्यांत किमान 2.3 ग्रेड-सरासरी (जीपीए) लागते. शाळेतल्या गाइडन्सच्या टेबलावर कुणी सोपा विषय घे म्हणून सुचवलं तर आधी तो त्या यादीत बसतो का ते पाहा. हार्वर्ड, कॉर्नेल अशा आयव्ही लीगच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. दोघे आयटीत नोकरी करणारे असाल तर ती मदत किती मिळेल ते आधी काढा. शिवाय आता खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना हॉकीच्या संघात 26 जणांचीच मर्यादा आहे, आणि सीएचएलची मुलंही त्याच 26 जागांवर डोळा ठेवून आहेत. 2025 पूर्वी अठराव्या वर्षी ज्याला सहज जागा मिळाली असती, त्याला आता ज्युनियर ए मध्ये एक-दोन वर्षं जास्त थांबायला सांगतात. नियमबदलाचा फायदा वरच्या थरातल्या मुलांना झाला. त्याची किंमत मधल्या थरातली मुलं मोजत आहेत, आणि आपली बहुतेक मुलं मधल्या थरातलीच.

कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळतात, कॉलेजंही थेट वाटा देऊ लागली आहेत, हे तुम्ही वाचलं असेल. कॅनडाचा मुलगा अमेरिकेत विद्यार्थी म्हणून राहतो आणि त्या दर्जावर कमाईला कडक बंधनं असतात. हे पैसे हिशेबात धरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फी द्या.

इथेच आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल तर कॉलेजसाठी व्हिसा लागेलच, पण ओएचएल निवडली तरी सुटका नाही. इरी, फ्लिंट आणि सॅगिनॉ हे संघ अमेरिकेत आहेत. बस सीमेवर उभी आणि तुमचा मुलगा घरी, असं व्हायचं नसेल तर नागरिकत्वाचा अर्ज आधी मार्गी लावा.

सल्लागाराबद्दल थोडं. बचावपटू बॉबी ऑरने चौदाव्या वर्षी ओशावाकडून ज्युनियर खेळायला सुरुवात केली, बॉस्टनकडून सलग आठ नॉरिस जिंकल्या आणि डाव्या गुडघ्यामुळे तिसाव्या वर्षी, 657 सामन्यांनंतर निवृत्त झाला. त्याच्या हातात फारसे पैसे उरले नव्हते. ज्याच्यावर त्याने भावासारखा विश्वास टाकला तो एजंट ॲलन ईगलसन 1998 मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत तुरुंगात गेला. ऑर पुढे स्वतःच एजंट झाला. तुमच्याकडे तेराव्या वर्षीच कार्ड देऊन जाणारे सल्लागार येतील. कार्ड घ्या, सही करू नका.

घर

बिलेट म्हणजे संघाच्या गावातलं एक कुटुंब, जे खेळाडूला आपल्या घरात ठेवून घेतं. यातली बहुतेक माणसं देवमाणसं असतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची बिलेट-आई यूट्यूबवर बघून वरण करायला शिकली, फोडणीत दालचिनी घातली, तरी त्याने दोन वाट्या खाल्लं. पण सोळाव्या वर्षी, डिसेंबरमध्ये, तीन सामने बाहेर बसवल्यावर मुलगा कुणाशी बोलतो? शाकाहारी असेल तर बसच्या थांब्यावर काय खातो? आजीचा फोन आला की हसतो का? कॉलेजात जाताना हाच मुलगा दोन-तीन वर्षांनी मोठा असतो. काही मुलांना या दोन वर्षांनी फरक पडत नाही, काहींना सगळाच पडतो. हे तुम्हालाच माहीत, कोणत्याही स्काउटला नाही.

डोक्याला मार लागण्याची भीती दोन्हीकडे आहे. कॉलेजात चेहरा पूर्ण झाकलेला असतो, मारामारी केली तर थेट बाहेर, आणि सामने निम्मे. बचावपटू पाठमोरा पक उचलायला जातो तेव्हा त्याच्यावर मागून येणारा भार दोन्ही लीगमध्ये सारखाच. पण असे प्रसंग 68 सामन्यांत किती येतील आणि 38 मध्ये किती, हे गणित मला दुर्लक्षिता येत नाही. स्टीव्ह मोंटाडोर या एनएचएल बचावपटूचा 2015 मध्ये 35 व्या वर्षी मृत्यू झाला आणि तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, कारण रिंकच्या कॅफेत ते कुणी बोलत नाही.

मग काय करावं

पंधराव्या वर्षी मुलगा वयाच्या मानाने भरलेला असेल, ओएचएलचा संघ त्याला पहिल्याच वर्षी पहिल्या दोन जोड्यांत खेळवायला तयार असेल आणि गाव दोन तासांच्या आत असेल, तर जाऊ द्या. आता ते दार परतीचं आहे. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? अठराव्या वर्षी एनएचएलचा करार नाही मिळाला तर कॉलेजं त्याला शोधत येतील. मात्र ते सोळा विषय तिथेही पूर्ण करायला लावा, नाहीतर परतीचं दार कागदावरच उरेल.

उंची अजून वाढतेय, पाय लांब झालेत आणि स्केटिंग मागे राहिलंय, किंवा चण लहान आहे पण पक हातात आला की डोकं शांत राहतं, अशा मुलासाठी मी ज्युनियर ए आणि मग कॉलेज म्हणेन. लेन हटसन 2022 मध्ये दुसऱ्या फेरीच्या शेवटी, 62 वा निवडला गेला, कारण तो लहान होता. बॉस्टन विद्यापीठात दोन वर्षं काढून माँट्रियालला आला आणि 66 गुणांसह 2025 चा सर्वोत्तम नवोदित ठरला.

ओएचएलने दहाव्या-बाराव्या फेरीत नाव घेतलं आणि "कॅम्पला या, बघू" म्हणाले, तर त्या वर्षी घरी राहा. मोठ्या संघातला आठवा बचावपटू होण्यापेक्षा छोट्या संघात पहिल्या जोडीत खेळणं केव्हाही बरं. इथे पालकांचा मोह मुलाच्या मोहापेक्षा मोठा असतो. मंडळाच्या दिवाळीत सांगायला लीगचं नाव हवं असतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

पार्किंगमधल्या त्या बापाला मी शेवटी एवढंच सांगितलं की सही करण्याआधी प्रशिक्षकाला फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: पुढच्या हंगामात तुमच्याकडे उजव्या बाजूला आधीच कोण कोण आहे? त्यांतले किती पुढच्या वर्षी परत येणार आहेत? आणि माझ्या मुलाला ऑक्टोबरमध्ये रात्री किती मिनिटं मिळतील? पहिल्या दोन प्रश्नांना नावं मिळाली आणि तिसऱ्याला आकडा मिळाला, तर पुढे बोला. "आमच्याकडे सगळ्यांना संधी असते" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. त्याने दोन संघांना फोन केला. एकाने आकडा सांगितला: चौदा.